अंगाला कळणारे संकेत: स्पर्शाने बोलणारी उपकरणं बनवताना बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेत माझं इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं वर्कशॉप आहे. गेली काही वर्षं, मुख्य काम सांभाळून, अंगावर बांधायची आणि स्पर्शाने निरोप देणारी उपकरणं बनवतोय. इंजिनिअरिंगची मुलं येतात, शहापूर-खासबागेतली विणकर मंडळी येतात, खानापूर-निपाणीकडून फोन येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हे उपकरण म्हणजे नक्की काय?

मनगटावर, दंडावर किंवा कमरेला बांधलेला पट्टा. त्यात थरथरणारी, दाबणारी किंवा टकटक करणारी एखादी छोटी वस्तू असते. कान किंवा डोळे मोकळे नसतील, किंवा काम देत नसतील, तेव्हा निरोप कातडीवाटे पोचतो. खिशातला व्हायब्रेटवर टाकलेला मोबाइल हे याच घराण्यातलं, पण फार ढोबळ.

तुम्ही याच्या मागे का लागलात?

माझ्या आत्यामुळे. तिची पंचवीस-तीस वर्षं पॉवरलूमच्या खोलीत गेली. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण घरातल्या मागाला ती कोण लावणार? साठीला येईस्तोवर दोन्ही कान गेले. श्रवणयंत्राने थोडं ऐकू यायचं, पण घरी ती काढूनच ठेवायची. दारावर माणूस ताटकळायचा, कुकर शिट्ट्या देऊन करपायचा.

तिच्यासाठी पहिला पट्टा केला आणि त्यात सगळं घातलं: दाराची बेल, कुकर, फोन, मेसेज, मोटार सुरू-बंद, गजर. चार दिवसांनी गेलो तर पट्टा खुंटीला टांगलेला. ती म्हणाली, "सारखं गुरगुरतंय रे, कशाचं काय ते कळंनाच." मग मी तिला पहिल्यांदाच विचारलं की तुला नेमकं काय कळायला हवं? तिचं उत्तर माझ्या यादीत नव्हतंच. काका आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. त्यांनी हाक मारली तर आपल्याला समजत नाही, ही एक गोष्ट तिला रात्री झोपू देत नव्हती.

आता तिच्या पट्ट्यात तीनच संकेत आहेत. काकांच्या उशाशी बटण आहे. ते दाबलं की ओळीत बसवलेल्या तीन मोटरी खालून वर एकामागून एक हलकेच थरथरतात. ती म्हणते, कुणी दंडावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. दाराला दोन तुटक टकटका. कुकरला दर शिट्टीमागे एक लांब थरथर, कारण डाळीला चार शिट्ट्या लागतात आणि त्या तिला मोजायच्या असतात. नुसतं "कुकर वाजला" एवढं सांगून तिचं काम झालं नसतं.

त्वचेला कळतं तरी किती?

आपण समजतो त्यापेक्षा खूप जास्त, पण सगळीकडे सारखं नाही. घरी एक प्रयोग करा. केसांचा आकडा घ्या, त्याची दोन टोकं थोडी फाकवा आणि डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या टोकाला दोन्ही एकदम टेकवा. दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरालाही तो "दोन" म्हणेल. तीच टोकं कोपराखालच्या हातावर टेकवा. तीन सेंटिमीटर फाकवली तरी तो बहुधा "एकच" म्हणतो, चारच्या आसपास कुठे दोन कळायला लागतात. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने हेच मोजमाप १८३४ साली कंपास घेऊन प्रसिद्ध केलं होतं. डिझाइनसाठी याचा अर्थ सरळ आहे: हातावर एकेक सेंटिमीटरवर आठ मोटरी लावल्यात तर पैसे वाया.

कातडीखाली मज्जातंतूंची वेगवेगळी टोकं वेगवेगळं काम करतात. मर्केल पेशी दाब आणि कडा ओळखतात. माइसनर टोकं सावकाश फडफड टिपतात, साधारण सेकंदाला ५ ते ५० वेळा होणारी. पॅसिनी टोकं खोलवर असतात आणि जलद थरथर पकडतात, त्यांची सगळ्यात तिखट जाण २०० ते ३०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या थरथरींच्या, दरम्यान. रुफिनी टोकांना त्वचेचा ताण कळतो. भाकरी थापणारी बाई पिठाकडे न बघता कड फाटायला लागली ते ओळखते, तेव्हा ही सगळी एकत्र राबत असतात. दाब ओळखणारी पिएझो नावाची प्रथिनं शोधल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, तपमानाच्या संवेदनेवर काम करणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत. म्हणजे स्पर्शाचं अगदी मुळाशी असलेलं कोडं सुटायला लागलंय ते आपल्याच काळात.

पट्टा कुठे बांधायचा? मनगटच बरं ना?

घड्याळाची सवय म्हणून सगळे मनगट म्हणतात. आपल्याकडे ते बऱ्याचदा चुकतं. आत्याच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. मोटर सुरू झाली की बांगड्या किणकिणायच्या, थरथर त्यांच्यात विखुरली जायची, वर भांडी घासताना पट्टा ओला. शेवटी तिनेच तो सरकवून दंडावर नेला, वाकी घालतात तिथे. ब्लाउजच्या बाहीखाली झाकला जातो, पाण्यापासून लांब, आणि कुणी "हे काय बांधलंय?" विचारत नाही. ही शेवटची गोष्ट तिला सगळ्यात मोलाची वाटली. तेव्हापासून बायकांसाठीचा प्रत्येक पट्टा मी आधी दंडावर बसवून बघतो.

दुचाकीवाल्यांनाही मनगट नको. गाडीचं इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल तर हँडलमध्ये सेकंदाला ७५ वेळा थरथर उतरते. खानापूर रस्त्याचे खड्डे वेगळेच. त्या गदारोळात मनगटावरची मोटर हरवते. दंड किंवा कमर बरी.

कमरपट्टा करत असाल तर लक्षात ठेवा: बेंबी आणि पाठीचा कणा या दोन जागी माणसाला स्थान अचूक कळतं, कुशीला गोंधळ होतो. हातावरही मनगट आणि कोपर या सांध्यांजवळचं नीट कळतं, मधलं अंधुक.

किती संकेत ठेवावेत?

तीन. फार तर पाच. याहून जास्त हवेत असं कुणी म्हटलं तर मी आधी विचारतो, त्यातला कुठला चुकला तर तुमचं नुकसान होईल? सहसा दोनच उरतात.

कारण असं. बसून, शांत खोलीत, लक्ष देऊन माणूस बरंच ओळखतो. पण अंग हलतं तेव्हा त्वचेची जाण आपोआप मंदावते, मेंदूच ती दाबतो. चालताना, घासताना, माग चालवताना बारीक फरक निसटतात. जोराच्या पातळ्या दोन, ताणून तीन कळतात. त्यामुळे "हळू म्हणजे मेसेज, मध्यम म्हणजे फोन, जोरात म्हणजे बेल" असली रचना घरात टिकत नाही. ताल मात्र टिकतो. टक-टक आणि लांब घूंऽऽ यांतला फरक अर्धवट झोपेतही कळतो. आपण तर ठेक्याचीच माणसं, लेझीम आणि ढोल-ताशा पोरवयापासून अंगात भिनलेला. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाचा ठोका छातीत बसतो तो बहिऱ्या माणसालाही बसतो. संकेत ठरवताना घरातल्या माणसांना मांडीवर बोटांनी ठेका धरायला सांगा आणि त्यांना आपसूक सुचेल तोच ठेवा.

सतत थरथर तर कधीच नको. थोड्या वेळात त्वचा तिला सरावते, आणि मग ती असून नसल्यासारखी.

मोटरी कमी लावून जास्त सांगता येतं का?

येतं, आणि यात फार मजा आहे. गेल्डार्ड आणि शेरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवलं की मनगटाजवळ भराभर पाच टकटका, मग मध्ये पाच, मग कोपराजवळ पाच दिल्या तर माणसाला त्या तीन जागी जाणवतच नाहीत. एखादा ससा मनगटापासून कोपरापर्यंत टुणटुण उड्या मारत गेल्यासारखं वाटतं, जिथे काहीच लावलेलं नाही तिथेही. आत्याच्या दंडावरच्या तीन मोटरींचं "हात फिरवणं" याच धर्तीचं. दिशा सांगायची असेल, डावीकडे वळा किंवा मागे बघा, तर हा मार्ग उत्तम.

मराठी अक्षरं थेट त्वचेवर पाठवता येतील का?

येतील, पण शिकायला महिने लागतील, आणि तेवढा निश्चय असणाऱ्यालाच ते उपयोगी. याच गेल्डार्ड यांनी १९५७ मध्ये छातीवर पाच जागा, तीन जोर आणि तीन अवधी यांच्या मेळातून ४५ संकेतांची भाषा मांडली होती. माणसं ती शिकली, वाक्यंही वाचू लागली. तरी ती प्रयोगशाळेबाहेर फारशी आली नाही.

अक्षरंच हवी असतील तर नवी लिपी शोधत बसू नका, ब्रेल आहे. आणि आपल्या भागासाठी त्यात एक मोठी सोय आहे. १९५१ पासूनच्या भारती ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणे ठिपके ठरलेत. मराठीतला "क" आणि कन्नडमधला "क" दोन्हीला पहिला आणि तिसरा ठिपका. "म"लाही दोन्हीकडे तेच तीन. पाटीवर ज्या दोन लिप्या शेजारी शेजारी उभ्या असतात त्या बोटाखाली बहुतेक एकच होतात. सहा ठिपक्यांचं उपकरण बेळगावात एकदा केलं तर ते धारवाडलाही चालेल आणि कोल्हापूरलाही.

मग भाषेचा प्रश्न येतच नाही म्हणायचं?

थरथरीत येत नाही. माहितीपत्रकात, अ‍ॅपमध्ये आणि शिकवण्यात येतो. मी पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत देतो, काही घरांत उर्दूत. आत्याच्या शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, त्यांचा पट्टा आत्याने खुणांनी शिकवला. चित्रं मोठी काढा. आणि यंत्रभाषांतर करून घेतलेलं पत्रक त्या भाषेच्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका.

मोटर कोणती घ्यावी?

शिकायला नाण्यासारखी चपटी मोटर घ्या, व्यास १० मिलिमीटर, ३ व्होल्ट. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जुन्या फोनमधली मिळते. आत एका बाजूला जड असलेला गोल फिरतो, म्हणून तिचा वेग आणि जोर एकदमच वाढतो किंवा कमी होतो, वेगवेगळा करता येत नाही. शिवाय ती वेग घ्यायला पन्नासेक मिलिसेकंद खाते. त्यामुळे १०० मिलिसेकंदांहून आखूड टकटक तिच्यात चिखलासारखी होते. सुरुवातीला क्षणभर जास्त व्होल्टेज आणि थांबवताना उलटं व्होल्टेज दिलं की टकटक बरीच कुरकुरीत येते.

स्वच्छ ठोका हवा असेल तर एलआरए प्रकारची घ्या. तिच्यात वजन स्प्रिंगवर सरळ पुढे-मागे होतं. ती एकाच ठराविक कंपनाला नीट चालते, १७५ किंवा २३५ हर्ट्झ असं तिच्या कागदावर लिहिलेलं असतं. तिला चालवायला वेगळी चिप लागते, डीआरव्ही२६०५ सहज मिळते.

मुलांची ठरलेली चूक म्हणजे मोटर सरळ आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनला जोडणं. पिन २० मिलिअँपिअर द्यायला बनवलेली, मोटर मागते साठ-ऐंशी. मध्ये ट्रान्झिस्टर घाला, मोटरला उलटा डायोड लावा.

आणि मोटर डब्यात घट्ट चिकटवू नका. सगळा डबा थरथरला की जागा कळत नाही. मी मोटर मांजरपाटाच्या खिशात शिवतो, खाली पातळ फोम, म्हणजे ती त्वचेला टेकते आणि पट्ट्यापासून सुटी राहते. पट्ट्याचा ताण इतकाच की खालून एक बोट जाईल. ढिला पट्टा हे निम्म्या तक्रारींचं कारण असतं.

बॅटरी एका दिवसात संपते. मोटर फार खाते का?

नाही, सगळे मोटरलाच दोष देतात. हिशेब करा. दिवसाला २०० संकेत, प्रत्येक ०.३ सेकंद, म्हणजे एकूण एक मिनिट. ८० मिलिअँपिअरने मिनिटभराचे दीड मिलिअँपिअर-तासही होत नाहीत. खातो तो रेडिओ, म्हणजे बिनतारी निरोप घेणारा भाग. ईएसपी३२ ही चिप वायफायवर सतत जागी ठेवली तर शंभराच्या आसपास मिलिअँपिअर ओढते, ३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांत आडवी. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथसाठी बनवलेली चिप नीट झोपवली तर सरासरी १ मिलिअँपिअरच्या आत राहते.

संरक्षक सर्किट असलेलीच लिथियम बॅटरी घ्या. अंगावर असताना चार्ज करू नका. फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाजूला काढा.

घाम, पाऊस आणि खाज यांचं काय?

आपल्याकडचा पावसाळा म्हणजे उपकरणाची खरी परीक्षा. कणकुंबीकडच्या एका गुराख्याला दिलेला पट्टा आषाढात पंधरा दिवसांत गेला. उघडला तर आतल्या तांब्याच्या भागांवर हिरवा थर. आता बोर्डाला वरून कोटिंग करतो, मोटरीची वायर सिलिकॉनने बंद करतो आणि कापडी भाग वेगळा निघेल असा ठेवतो, म्हणजे धुता येतो.

त्वचेला टेकणाऱ्या जागी निकेल असलेली बक्कल नको, पुष्कळांना त्याने पुरळ येतं. उपकरण सतत टेकून राहणार असेल तर पृष्ठभाग ४३ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. माझं स्वतःचं धोरण म्हणजे हाताला कोमट लागलं तरी परत बनवायचं. रात्री काढून ठेवा, त्या जागेला वारा लागू द्या.

फाऊंड्रीत किंवा मागावर चालेल का?

चालेल, पण तिथे जाऊन, काम सुरू असताना चाचणी घेतल्याशिवाय हो म्हणू नका. मागाच्या खोलीत जमीनच थरथरत असते, त्यात बारीक संकेत बुडतो. तिथे थरथरीऐवजी दाब चांगला: लहान सर्व्हो मोटरने पट्टा किंचित आवळायचा आणि सोडायचा. फाऊंड्रीत वेगळी अडचण, मोटरीत चुंबक असतं आणि हवेत लोखंडाचा भुगा, तो डब्याला चिकटून बसतो. वर्षानुवर्षं ग्राइंडर धरणाऱ्यांच्या बोटांची जाण कमी झालेली असते, त्यांना हातमोज्यातलं उपकरण देऊन उपयोग नाही. मधुमेह असेल, वय झालं असेल तरी थरथर कमी जाणवते. प्रत्येकाची जाण त्याच्यापुरती मोजा.

आणि क्रेन, भट्टी, प्रेस यांच्या धोक्याचा इशारा एकट्या पट्ट्यावर कधीच सोपवू नका. दिवा, भोंगा आणि जाळी हवीच.

कामगारांच्या हातात पट्टा आणि सुपरवायझरकडे बटण, असं करून द्याल?

नाही. एका ठिकाणाहून हे काम आलं होतं, पैसेही बरे होते. कामगार जागेवरून हलला, हात थांबला की पट्टा थरथरणार अशी मागणी होती. मी नकार दिला आणि आजही देईन. दुसऱ्याच्या अंगाला हात लावताना आपण विचारतो. पट्टा थरथरणं म्हणजे अंगाला हात लावणंच आहे, तो हात लांबून आला म्हणून वेगळा होत नाही. डोळे मिटता येतात, कान झाकता येतात, बांधलेल्या पट्ट्यापासून त्वचेला कुठे पळता येतं? म्हणून मी बनवलेल्या प्रत्येक पट्ट्यावर एक बटण असतं, आणि ते दाबलं की पट्टा गप्प होतो. ते बटण घालणाऱ्याच्याच हातात असतं.

श्रवणयंत्राऐवजी हे वापरता येईल?

नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करा, मूल असेल तर एक दिवसही न दवडता. पट्टा भाषा ऐकवत नाही.

दृष्टिहीनांसाठी काही करता येतं?

पुष्कळ. पॉल बाख-इ-रीता या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने १९६९ साली एका खुर्चीच्या पाठीत ४०० थरथरणारी टोकं बसवली आणि कॅमेऱ्यातलं चित्र अंध माणसांच्या पाठीवर उमटवलं. सरावाने ती माणसं वस्तू ओळखू लागली. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की कॅमेरा दुसऱ्याने हलवला तर पाठीवर नुसत्या गुदगुल्या जाणवायच्या, स्वतः हलवला की वस्तू समोर असल्यासारखी वाटायची. म्हणून अडथळा सांगणारा पट्टा करताना सेन्सर छातीवर ठोकून देण्यापेक्षा हातात द्या. माणूस हात फिरवून स्वतः शोधतो आणि लवकर शिकतो. पांढरी काठी मात्र सुटता कामा नये.

ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, अशांची २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंद आहे. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर यंत्राआधी त्यांच्या घरातल्या हातांच्या खुणा शिकून घ्या. टाडोमा पद्धतीत अशी माणसं बोलणाऱ्याच्या ओठांवर अंगठा आणि गालावर, गळ्यावर बोटं ठेवून बोलणं समजून घेतात. एवढं माझ्या कुठल्याच मोटरीला अजून जमलेलं नाही.

चाचणी कशी घ्यायची?

ज्याच्यासाठी आहे त्याच्याच घरात, त्याचं काम सुरू असताना. संकेतांचा क्रम चिठ्ठ्या उचलून ठरवा, म्हणजे अंदाजाने उत्तर येणार नाही. प्रत्येक संकेत किमान वीस वेळा द्या, आणि कुठला संकेत कुठला समजला गेला ते वहीत मांडा. चुका मोजून थांबू नका, कोणाशी कोणाची गफलत होते ते बघा. आत्याकडे बेल आणि कुकर दोन महिने ठीक चालले, मग चुका वाढल्या. शोधलं तर स्टीलचं ताट पडलं तरी माइक त्याला शिट्टी समजत होता. सेकंदभर टिकणारा आवाज असेल तरच शिट्टी धरायची, एवढी एक ओळ घातली आणि गोंधळ मिटला. चूक आत्याची नव्हती.

आठवड्याने पुन्हा जा. पट्टा अंगावर आहे की खुंटीवर ते आधी पाहा.

कॉलेजच्या प्रोजेक्टला विषय सुचवाल?

मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न बहिऱ्या सायकलस्वाराला डावीकडून की उजवीकडून ते सांगणारा कमरपट्टा. रात्री बाळ रडलं की बहिऱ्या आईला उठवणारी उशी. मागाचा धागा तुटल्याचं दंडावर सांगणारा पट्टा.

विषय ठरला की लगेच मोटरी मागवू नका. ज्याच्यासाठी बनवणार त्याच्या शेजारी बसा, त्याला डोळे मिटायला सांगा आणि तुमच्या बोटाने त्याच्या दंडावर तो संकेत देऊन बघा. टक-टक. मग लांब. मग खालून वर. दहा मिनिटांत कळेल कुठला ठेवायचा.